चूकभूल द्यावी घ्यावी : अवधान-न्यूनता असलेल्या स्त्रियांची क्षमायाचना आणि मानसोपचार

१

जुन्या मराठी हिशेबाच्या अखेरीस 'चूकभूल द्यावी घ्यावी' असे लिहिण्याचा प्रघात होता. 'चू. भू. द्या. घ्या.' या संक्षिप्त रूपात तो आजही लेखांच्या आणि पत्रांच्या शेवटी आढळतो. व्यवहाराच्या भाषेतून आलेल्या या वाक्यात क्षमायाचनेचा एक संपूर्ण विचार सामावलेला आहे. हिशेबात चूक राहून जाणे संभवनीय आहे, हे त्यात आधीच मान्य केलेले असते. ती चूक माझीच असेल असे मात्र गृहीत धरलेले नसते. ती समोरच्याचीही असू शकेल, म्हणून 'द्यावी' आणि 'घ्यावी' अशी दोन क्रियापदे येतात. शिवाय हे वाक्य हिशेबाच्या शेवटी एकदाच लिहिले जाते. प्रत्येक रकमेपुढे ते लिहीत बसणाऱ्या कारकुनाची वही कधी पुरी व्हावयाची नाही.

काही स्त्रियांच्या नित्याच्या बोलण्यात मात्र नेमके असेच घडत असते. त्या प्रत्येक गोष्टीपुढे माफीचे शब्द ठेवतात, आणि तेही एकाच बाजूने. इंग्रजी आद्याक्षरांवरून 'एडीएचडी' या नावाने ओळखली जाणारी अवधान-न्यूनता व अतिचंचलता ही मेंदूच्या विकासाशी निगडित अवस्था ज्यांच्या ठिकाणी असते, अशा स्त्रियांमध्ये ही सवय वारंवार आढळते, असे उपचारकांच्या आणि त्या स्त्रियांच्याही लेखनावरून दिसते. ही सवय कशी जडते, मानसोपचाराने ती कशी सुटू शकते आणि या कामी भाषेच्या अभ्यासकाला काही सांगण्यासारखे आहे काय, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय वैद्यकाचा असला, तरी क्षमायाचना ही मुळात भाषिक कृती आहे. त्यामुळे साहित्याच्या अभ्यासकालाही तो परका वाटण्याचे कारण नाही.

२

या अवस्थेचा वैद्यकीय इतिहास बराचसा मुलग्यांचा इतिहास आहे. हाइनरिख होफमान या जर्मन वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बालकांसाठी रचलेल्या 'स्ट्रुव्वेलपेटर' या सचित्र पद्यसंग्रहात जेवणाच्या मेजावर चुळबुळ करणारा फिलिप आणि आकाशाकडे पाहत चालणारा हान्स अशी दोन पात्रे आहेत. या विषयावरील लेखनात त्यांचा दाखला आवर्जून दिला जातो. दोघेही मुलगेच आहेत. १९०२ मध्ये जॉर्ज स्टिल यांनी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये दिलेल्या व्याख्यानांत ज्या मुलांचे वर्णन केले, त्यांतही मुलग्यांची संख्या अधिक होती. याचे कारण समजण्यासारखे आहे. वर्गात जो उठतो, धावतो, दुसऱ्याच्या खोड्या काढतो, तो शिक्षकाच्या नजरेत भरतो. खिडकीबाहेर पाहत बसलेली मुलगी कोणाला त्रास देत नाही, म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत, म्हणजे १९८० मध्ये, चंचलतेऐवजी अवधानाला मध्यवर्ती स्थान दिले आणि चंचलतेसह व चंचलतेविना असे दोन प्रकार मानले. १९८७ मध्ये 'एडीएचडी' हे नाव आले आणि १९९४ मध्ये तीन उपप्रकार झाले. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने दोन महत्त्वाचे बदल केले. लक्षणे वयाच्या सातव्या वर्षापूर्वी दिसलेली असावीत, ही अट बाराव्या वर्षापर्यंत शिथिल झाली. आणि प्रौढांच्या बाबतीत सहाऐवजी पाच लक्षणे निदानाला पुरेशी मानली गेली. हे बदल कागदावर लहान दिसतात. परंतु लहानपणी बुद्धीच्या जोरावर कसेबसे निभावून नेलेल्या आणि घर, नोकरी व मुले यांचा भार एकदम अंगावर आल्यावर कोलमडलेल्या अनेक स्त्रियांना त्यांमुळे निदानाची वाट मोकळी झाली. सारी सोल्डेन यांचे अशा स्त्रियांविषयीचे पुस्तक १९९५ मध्ये आले. पुढे १९९७ पासून कॅलिफोर्नियातील बर्कली येथे स्टीफन हिनशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही अवस्था असलेल्या १४० मुलींचा आणि तुलनेसाठी ८८ मुलींचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. या मुली तरुण झाल्यानंतरचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. बालपणी अवधान-न्यूनता आणि अतिचंचलता ही दोन्ही असलेल्या मुलींमध्ये स्वतःला इजा करून घेण्याचे आणि आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक आढळले. या निष्कर्षाचा क्षमायाचनेशी थेट संबंध जोडणे योग्य होणार नाही. तथापि ज्या मुलींना आपण केवळ 'विसरभोळ्या' म्हणून हसतो, त्यांच्या मनातील आत्मधिक्कार किती खोल जाऊ शकतो, याची कल्पना त्यावरून यावी.

३

विवेचनाच्या सोयीसाठी एक स्त्री कल्पावी. ती एका महाविद्यालयात साहित्य शिकविते; वय चाळिशीचे. तिचे व्याख्यान ऐकावयास इतर वर्गांतील विद्यार्थी येऊन बसतात. परंतु उत्तरपत्रिका तिच्याकडून वेळेवर जात नाहीत, अर्जाची अंतिम तारीख उलटून गेल्यावर तिला अर्ज आठवतो आणि घराच्या किल्ल्या दर आठवड्यास हरवतात. शिपाई वही घेऊन आला की ती 'सॉरी' म्हणून सही करते. बैठकीत तिचे बोलणे 'सॉरी, हा प्रश्न जरा बावळटपणाचा असेल' या वाक्याने सुरू होते. दारात दुसऱ्याचा धक्का तिलाच लागतो, आणि माफीही तीच मागते. यांपैकी उत्तरपत्रिकांच्या बाबतीत तिची चूक खरी आहे. बाकीच्या ठिकाणी ती कोठे आहे?

या सवयीमागे परस्परांत गुंतलेली चार कारणे दिसतात. पहिले कारण अवस्थेतच आहे. नुकतीच ऐकलेली गोष्ट क्षणभर मनात धरून ठेवण्याची शक्ती, वेळेचा अंदाज, कामांचा क्रम लावणे आणि हातातील काम सोडून दुसऱ्याकडे वळणे या क्षमता येथे असमान चालतात. त्यामुळे लहानसहान चुका खरोखरच अधिक होतात. दुसरे कारण त्या चुकांवर बालपणापासून मिळालेल्या शेऱ्यांचे. 'लक्ष कुठंय तुझं?', 'एवढी हुशार, पण एक काम धड नाही', 'मुलीच्या जातीला हे शोभत नाही' ही वाक्ये वर्षानुवर्षे ऐकली म्हणजे त्यांचा वक्ता पुढे मनातच राहावयास येतो. त्यातही आपल्या कुटुंबव्यवस्थेत सर्वांच्या औषधांच्या वेळा, सणवार, वाढदिवस आणि डब्यातील भाजी लक्षात ठेवण्याचे काम स्त्रीकडे असते. पुरुषाचा विसराळूपणा विद्वत्तेचे लक्षण म्हणून कौतुकाने सांगितला जातो; स्त्रीचा तोच दोष निष्काळजीपणात जमा होतो. तिसरे कारण आवेगाचे. विचार पुरा होण्यापूर्वी शब्द बाहेर पडतो, आणि सरावाचा शब्द सर्वांत आधी पडतो. चौथे कारण शिक्षणाच्या मानसशास्त्राला परिचित असलेले. माफी मागताच समोरचा रागावेल ही भीती क्षणात ओसरते. ज्या कृतीने भीती ओसरते ती कृती मन पुन्हापुन्हा करू लागते, मग राग येणार होता की नव्हता, याची परीक्षा कधी होतच नाही.

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या करीना शूमान आणि मायकेल रॉस यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेले संशोधन येथे उपयोगी पडते. दैनंदिन नोंदींच्या आधारे त्यांना असे आढळले की, स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक वेळा माफी मागतात. परंतु आपल्या हातून आगळीक घडली असेही त्यांना अधिक वेळा वाटते. आगळीक घडली असे एकदा वाटले, की माफी मागण्याच्या प्रमाणात दोघांत फरक नाही. म्हणजे हा फरक नम्रतेचा नसून कशाला आगळीक म्हणावे, याच्या उंबरठ्याचा आहे. आपल्या प्राध्यापिकेचा उंबरठा इतका खाली आला आहे, की तिचे खोलीत येणेच तो ओलांडू लागले आहे.

भाषाकृतींच्या विचारात क्षमायाचनेचे स्थान जुने आहे. ऑस्टिन यांच्या १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत ती सामाजिक वर्तनाशी निगडित उक्तींच्या वर्गात येते. बोलणाऱ्याच्या हातून काही घडले आहे आणि ऐकणाऱ्याला त्याचा उपसर्ग पोहोचला आहे, या गृहीतावर ती उभी असते. ते गृहीत नसेल तर उक्ती पोकळ ठरते. आर्व्हिंग गॉफमन यांनी १९७१ मध्ये मांडलेला विचार याहून मार्मिक आहे. त्यांच्या मते माफी मागणारा माणूस स्वतःचे दोन भाग करतो: एक चूक करणारा, आणि दुसरा त्या चुकीपासून दूर होऊन मोडलेल्या नियमाच्या बाजूने उभा राहणारा. माफीमुळे माणूस पुन्हा प्रतिष्ठेने व्यवहारात परततो, तो या दुसऱ्या भागाच्या बळावर. त्याच वर्षी हेलन ब्लॉक लुइस यांनी अपराधभाव आणि शरम यांतील भेद स्पष्ट केला. अपराधभावात 'मी हे केले' यावर भर असतो, शरमेत 'हे करणारी मी' यावर. हे दोन विचार एकत्र ठेवले म्हणजे आपला प्रश्न उलगडू लागतो. जी स्त्री सतत माफी मागते, तिच्या मनात हे दोन भाग पडतच नाहीत. ती सगळीच्या सगळी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी असते. म्हणून शंभर वेळा माफी मागूनही तिचा हिशेब मिटत नाही.

४

या ठिकाणी मराठी भाषेकडे वळणे उपयुक्त ठरेल. आपल्याकडे या कृतीसाठी अनेक शब्द आहेत आणि त्यांच्या कुळी वेगवेगळ्या आहेत. 'क्षमा' हा संस्कृत शब्द सहन करणे या अर्थाच्या धातूपासून आला आहे. क्षमा मागणारा दुसऱ्याला सहन करावयास सांगतो. 'माफी' हा अरबी मूळ असलेला शब्द सूट देण्याचा आहे. कर्जमाफीत त्याचा मूळ अर्थ अद्याप शाबूत आहे. 'दिलगिरी' फार्सीतून आली. तीत मनाची खिन्नता आहे, कबुली असलीच पाहिजे असे नाही. म्हणूनच सार्वजनिक जीवनातील व्यक्तींना माफी मागण्यापेक्षा दिलगिरी व्यक्त करणे सोयीचे वाटते. 'सॉरी' हा शब्द आता मराठीच झाला आहे आणि तो सर्वांत हलका असल्यामुळे सर्वांत अधिक खर्च होतो.

यांतील 'माफी मागणे' या प्रयोगातील क्रियापद विशेष लक्षात घ्यावयास हवे. मागणाऱ्याला कोणी तरी द्यावे लागते. आपल्या प्राध्यापिकेने मुलीच्या शाळेतील कार्यक्रमाला जावयाचे विसरून, घरी आल्यावर 'सॉरी बाळा, मी फार वाईट आई आहे गं' असे म्हटले, तर दहा वर्षांच्या त्या मुलीला स्वतःचे रडणे थांबवून 'नाही गं आई, तू चांगली आहेस' असे म्हणावे लागते. माफी मागितली आईने; ऋण फेडले मुलीने. मुलीचे वाईट वाटणे मात्र जागच्या जागी राहिले. अतिक्षमायाचना हा केवळ सौजन्याचा अतिरेक नसून कधीकधी ऐकणाऱ्यावर टाकलेला भार असतो, तो असा.

दुसरा मुद्दा व्याकरणाचा आहे. घडलेली एकच गोष्ट मराठीत तीन पातळ्यांवर सांगता येते. 'मी वेंधळीच' हे वाक्य स्वभावाविषयी, किंबहुना अस्तित्वाविषयी, निकाल देते. 'माझं चुकलं' या वाक्यात चुकण्याची क्रिया माझ्याशी संबंधित आहे, पण ती म्हणजे मी नव्हे. 'माझ्याकडून राहून गेलं' यात घटना मान्य आहे आणि तिचा संबंधही मान्य आहे, परंतु हेतूचा आरोप नाही. 'चुकणे' या क्रियापदाचा मूळ व्यवहारही पाहण्यासारखा आहे: वाट चुकते, गाडी चुकते, नेम चुकतो. जी वाट चुकते ती पुन्हा सापडू शकते. उलट वेंधळी, धांदरट, विसरभोळी, धसमुसळी ही विशेषणे व्यक्तीला चिकटतात आणि काळाच्या पलीकडे टिकतात. ज्या मुलीला ती वारंवार ऐकावी लागली, ती मोठेपणी क्रियापदांनी बोलत नाही. स्वतःविषयी विशेषणांनीच बोलते.

आपल्या परंपरेत क्षमायाचनेचे जे विधी आहेत, त्यांना आरंभ आणि शेवट आहे. पूजेच्या अखेरीस अपराधक्षमापन होते. त्यानंतर उपासक उठतो आणि आपल्या कामाला लागतो. जैन परंपरेतील 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणण्याच्या प्रथेत क्षमा मागावयाची असते आणि द्यावयाचीही असते. मर्यादा आणि परस्परता ही दोन तत्त्वे हिशेबाच्या वाक्यात होती, तीच येथेही आहेत. अवधान-न्यूनता असलेल्या स्त्रीच्या क्षमायाचनेत नेमकी हीच दोन नाहीशी झालेली असतात, आणि उपचाराला तीच पुन्हा उभी करावयाची असतात.

५

उपचाराचा पहिला टप्पा निदानाचा आणि त्याच्या आकलनाचा. आपल्या अडचणींना आळस किंवा बेफिकिरी हे नाव नसून वेगळे नाव आहे, हे कळल्यावर अनेकींना हायसे वाटते, आणि पाठोपाठ वाया गेलेल्या वर्षांचे दुःखही होते. औषधांनी अनेकांच्या अवधानात सुधारणा होते. ती घ्यावीत किंवा कसे, हे मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांनी ठरवावयाचे. परंतु तीस वर्षे ऐकलेली विशेषणे औषधाने पुसली जात नाहीत. तेथे संवादाच्या उपचाराची गरज लागते.

दुसरा टप्पा नोंदीचा. बोधात्मक वर्तनोपचारात आठवडाभर प्रत्येक माफी टिपून ठेवावयास सांगतात: काय घडले, कोणाला काय त्रास झाला, मी काय म्हटले, त्यापूर्वी मनात कोणता विचार आला. नंतर उपचारक आणि ती स्त्री मिळून या नोंदींची तीन गटांत विभागणी करतात. पहिल्या गटात प्रत्यक्ष चुका, दुसऱ्यात कोणाचाही दोष नसलेल्या गैरसोयी, आणि तिसऱ्यात केवळ उपस्थित असण्याबद्दल, प्रश्न विचारण्याबद्दल किंवा जागा व्यापण्याबद्दल मागितलेली माफी. हा तिसरा गट डोळ्यांसमोर मांडलेला पाहणे हाच कित्येकदा उपचारातील निर्णायक क्षण ठरतो.

तिसरा टप्पा विचारांच्या तपासणीचा. बैठक उशिरा सुरू झाली याला कोण कोण कारण, हे एका वर्तुळाचे भाग पाडून दाखवावयास सांगितले जाते. सूचना उशिरा निघाली होती, सभागृहाला कुलूप होते, आणखी दोघे आले नव्हते. इतरांचे भाग आधी काढून झाल्यावर स्वतःचा भाग शेवटी काढावयाचा असतो, आणि तो पूर्ण वर्तुळाएवढा कधीच भरत नाही. अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा येथे मोठा आधार मिळतो, मुंबईच्या कि. मो. फडके यांच्या कार्यामुळे ती मराठी वाचकांना अपरिचित राहिलेली नाही. कृतीचे मूल्यमापन अवश्य करावे, कर्त्याचे समग्र मूल्यमापन मात्र करू नये, हा एलिस यांचा आग्रह म्हणजे एका अर्थाने विशेषणाकडून क्रियापदाकडे जाण्याचाच आग्रह आहे.

चौथा टप्पा प्रयोगाचा. 'माफी मागितली नाही तर त्या चिडतील' हे भाकीत लिहून काढावयाचे आणि एका लहान प्रसंगी माफी न मागता काय होते ते पाहावयाचे. प्राध्यापिका ग्रंथपालांना 'सॉरी' न म्हणता एवढेच विचारते, 'हे पुस्तक कुठं मिळेल?' ग्रंथपाल कपाट दाखवितात. भाकीत खोटे ठरते. असे प्रयोग लहानाकडून मोठ्याकडे क्रमाने केले, तर माफीविना आलेली अस्वस्थता आपोआप ओसरते, हे अनुभवाने पटते. आवेगाला आवर घालण्यासाठी उत्तरापूर्वी एक श्वास घेण्यासारखी साधी युक्तीही शिकविली जाते.

पाचवा टप्पा पर्यायी भाषेचा. इंग्रजीतील मार्गदर्शनात माफीच्या जागी आभार मानण्याचा सल्ला दिला जातो. मराठीत तो जसाच्या तसा चालत नाही. घरच्या माणसाला 'धन्यवाद' म्हटले, तर तो चपापतो. परंतु आपल्या बोलीत त्याची तोड आहे. मैत्रिणीला 'बरं झालं थांबलीस' म्हटले की आभारही पोहोचतात. सहकाऱ्यांना 'मला उशीर झाला, तुम्हाला थांबावं लागलं. आता लगेच सुरू करू या' एवढे पुरते. उत्तरपत्रिकांबाबत 'त्या माझ्याकडून राहून गेल्या. गुरुवारी दुपारपर्यंत देते' असे सांगता येते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. 'विलंब झाला', 'राहून गेले' हे कर्त्याला आड ठेवणारे प्रयोग कार्यालयीन पत्रव्यवहारात जबाबदारी टाळण्यासाठी सर्रास वापरले जातात. म्हणून उपचारात त्यांना भरपाईची जोड देतात: गुरुवार दुपार ही त्या वाक्यातील सर्वांत महत्त्वाची बाब होय. ती पाळता यावी यासाठी गजर, भिंतीवरील वेळापत्रक, कामाचे लहान तुकडे, किल्ल्यांसाठी दाराशी एकच खुंटी अशा बाह्य साधनांची शिस्त लावून घेणे हाही उपचाराचाच भाग असतो. चुका कमी झाल्या की माफीचे खरे प्रसंगही कमी होतात.

या पद्धतींना संशोधनाचा आधार आहे. २०१० मध्ये बॉस्टनच्या स्टीव्हन सॅफ्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी औषधे घेऊनही लक्षणे उरलेल्या ८६ प्रौढांवर बोधात्मक वर्तनोपचाराचा प्रयोग केला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मेरी सोलांटो यांनी ८८ प्रौढांवर गट-उपचाराचा प्रयोग प्रसिद्ध केला. दोन्हींत तुलनेच्या गटापेक्षा लक्षणे अधिक कमी झाली. मात्र तेथे मोजले गेले ते अवधान आणि नियोजन, क्षमायाचना नव्हे. त्या बाबतीत अधिक थेट मार्गदर्शन मार्शा लिनेहान यांच्या द्वंद्वात्मक वर्तनोपचारात मिळते. स्वाभिमान राखून संवाद कसा करावा, याचे त्यांनी चार सूत्रांत सार सांगितले आहे: न्याय्य वागावे, अकारण माफी मागू नये, आपल्या मूल्यांना धरून राहावे आणि सत्य बोलावे. हा उपचार मुळात आत्मघाताकडे झुकलेल्या स्त्रियांसाठी घडविला गेला. १९९३ मध्ये त्याची मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली आणि २००२ मध्ये जर्मनीतील फ्रायबुर्ग येथून प्रौढांच्या अवधान-न्यूनतेसाठी त्यावर बेतलेल्या गट-उपचाराचे निष्कर्ष आले. गटाचे महत्त्व वेगळेच आहे. दहा जणींच्या वर्तुळात उशिरा आलेली स्त्री माफी मागू लागते, आणि त्याच कारणाने आधी उशिरा आलेल्या दोघी हसू लागतात. आपला दोष केवळ आपला नाही, हे अशा वेळी युक्तिवादावाचून कळते.

६

उपचाराच्या मर्यादाही नमूद केल्या पाहिजेत. काही घरांत माफी ही सवय नसते, ढाल असते. जेथे मारहाणीची किंवा घराबाहेर काढले जाण्याची भीती खरी आहे, तेथे 'माफी मागू नका' हा सल्ला स्त्रीला संकटात लोटणारा ठरेल. म्हणून भीती कल्पित आहे की वास्तव, हे उपचारकाने प्रथम पाहावयाचे असते; आणि ती वास्तव असेल तर प्रश्न विचारांच्या दुरुस्तीचा न राहता संरक्षणाचा होतो. त्याचप्रमाणे सततच्या क्षमायाचनेवरून अवधान-न्यूनतेचे निदान करता येत नाही. चिंता, नैराश्य किंवा केवळ संस्कार यांमुळेही ती येऊ शकते.

दुसरी मर्यादा ऐकणाऱ्यांची. भाषाकृतीला दोन टोके असतात. घरातील हरवलेल्या प्रत्येक वस्तूचा जाब एकाच व्यक्तीला विचारला जात असेल, तर तिने एकटीने उंबरठा उंच करून भागावयाचे नाही. पतीने औषधांच्या वेळा स्वतः लक्षात ठेवणे, विभागप्रमुखांनी मुदत तोंडी न सांगता लेखी देणे, सासूबाईंनी 'असू दे' म्हणताना खरोखरच असू देणे, यांचाही उपचारात वाटा असतो. कुटुंबीयांना उपचाराच्या काही बैठकींना बोलावतात ते याचसाठी.

आपल्या कल्पित प्राध्यापिकेकडे शेवटी परत यावे. उपचारानंतरही ती अधूनमधून विसरेल. पुन्हा एकदा शाळेचा कार्यक्रम तिच्या ध्यानातून गेला, असे मानू. आता ती मुलीजवळ बसून म्हणते, 'तुझा कार्यक्रम माझ्या लक्षातून गेला. तू वाट पाहिलीस. माझं चुकलं.' एवढे बोलून ती थांबते. वाईट आई असल्याचे सांगत नाही, आणि मुलीकडून काही मागत नाही. मुलगी रागावते, रडते; या वेळी तिला रडता येते, कारण आईचे सांत्वन करण्याचे काम तिच्याकडे आलेले नसते. मग दोघी मिळून पुढच्या कार्यक्रमाची तारीख भिंतीवर लिहितात.

यावरून ध्यानात यावे की, क्षमायाचना नाहीशी करणे हा उपचाराचा हेतू नाही. ती स्त्री दिवसातून किती वेळा 'सॉरी' म्हणते या मोजणीवरही त्याचे यश ठरवू नये. ती जेव्हा माफी मागते तेव्हा ती कशाबद्दल, हे तिला सांगता येते काय. ती मागून झाल्यावर तिला उठून कामाला लागता येते काय. आणि चूक दुसऱ्याची असेल तेव्हा त्याची माफी संकोच न करता घेता येते काय, हे पाहावे. आपल्या जुन्या हिशेबनिसांनी 'द्यावी' या शब्दापुढे 'घ्यावी' हा शब्द लिहिला होता. तो या स्त्रियांच्या वाट्याला अजून यावयाचा आहे.